नवव्या गाण्याचे शब्द

पहिला अल्बम फारसा कुणी ऐकला नव्हता. दुसरा जमला नाही तर बँड मोडायचा, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. गिटार आणि गाणं चिगुसाचं, बेस हारुओमीचा, ड्रम माझे. जपानमधल्या तोत्तोरीच्या डोंगरातली एक बंद पडलेली प्राथमिक शाळा आम्हाला ऑगस्टभर मिळाली. संगीताच्या वर्गात आम्ही वाजवायचो. काचेपलीकडच्या खोलीत नागुमोसान रेकॉर्डिंग करायचे.

आठ गाणी झकास झाली. नवव्याला चाल होती, शब्द नव्हते. चिगुसाने चार वह्या खरडून फाडल्या. शेवटच्या सकाळी आम्ही नुसतंच वाजवून घेतलं.

ते ऐकताना नागुमोसाननी हात वर केला. ड्रमच्या आवाजाखाली कुणीतरी गात होतं. बाईचा आवाज, लांबून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. गाण्याचा माइक तर बंदच होता. मी तारा तपासल्या, खिडक्या पाहिल्या, कुठे रेडिओ लागलाय का तेही पाहिलं. काही नाही. बाहेरच्या झाडांवरच्या किड्यांची किरकिर एरवी प्रत्येक माइकमध्ये घुसायची. तो आवाज गात होता तेवढा वेळ तीही थांबली होती.

माझ्या अंगावर काटा आला. चिगुसाचे डोळे मात्र आनंदाने भरून आले होते.

"मला हेच म्हणायचं होतं रे," ती म्हणाली. "महिनाभर हेच शोधतेय."

दुसऱ्याचे शब्द चोरायचे का, असं हारुओमी पुटपुटला. ज्याचे असतील तो येईल की मागायला, म्हणत ती मांडीवर वही घेऊन बसलीसुद्धा.

दुपारी ती गायली. पहिल्याच झटक्यात. अशी ती कधीच गायली नव्हती. एरवी तोंड पाडून बसणारा हारुओमी मला मिठी मारून नाचायला लागला. अल्बम जमला होता. बँड वाचला होता. पुन्हा लावून ऐकलं, तर तो लांबचा आवाज गेला होता. उरला होता फक्त चिगुसाचा.

नागुमोसान तिचं गाणं पुढे-मागे करत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"ओळींमधले श्वासाचे आवाज मी नेहमी कमी करतो ना."

"मग?"

"ते नाहीयेत."

मला कळेना.

"सव्वाचार मिनिटं," ते हळू म्हणाले. "तिने एकदाही श्वास घेतलेला नाही."

मी काचेतून पाहिलं. चिगुसा माइकपाशीच उभी होती, ताजीतवानी. पुन्हा गाऊ का, असं खुणेने विचारत.