सतरावा तुकडा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. आमच्या घराची मागची खोली, जिथे बाबा चाळीस वर्षं चेलो, म्हणजे ते व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य, शिकवायचे.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

माझी ताई चेलो वाजवते. मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. रविवारी तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. आजवर तिनं काय वाजवायचं ते बाबांनीच ठरवलं. म्हणून यावेळी तिला ठरवणारं कुणीच नको होतं. तिनं चौसष्ट छोटे तुकडे लिहिले. चिठ्ठी उचलावी तसा माझा प्रोग्रॅम त्यातला कुठलाही एक उचलायचा, त्याची स्वरलिपी स्क्रीनवर दाखवायचा, आणि ताईनं समोर येईल ते वाजवायचं.

"आता बघू कोण लुडबूड करतं," ताई म्हणाली होती.

सतरावा तुकडा मात्र जुना होता. तो तिनं चौदाव्या वर्षी रचला होता. बाबांनी त्यावर लाल पेन्सिलीनं काट मारली. "याला संगीत म्हणत नाहीत." त्यानंतर तिनं काही रचलंच नाही. ते गेल्यावरच पुन्हा वही उघडली.

त्या दुपारी सराव करता करता ती थांबली.

"सतरावा येतच नाहीये गं."

"येईल. नशिबाचा खेळ आहे."

कुठला तुकडा किती वेळा आला, हे प्रोग्रॅम लिहून ठेवतो. मी पाहिलं. आठवडाभरात बाकीचा प्रत्येक तुकडा चाळीसेक वेळा येऊन गेला होता.

सतरावा... शून्य.

मी प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना. मग मीही हट्टाला पेटले. बाकीचे त्रेसष्ट काढले आणि यादीत एकटा सतरावा ठेवला. आता दाखवायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

बटण दाबलं.

स्क्रीन... कोरी.

आणि कोपऱ्यातून आवाज आला...

टक. टक.

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. विद्यार्थी चुकला की बाबा स्वरलिपी ठेवायच्या स्टँडवर पेन्सिल दोनदा आपटायचे. म्हणजे, थांब.

त्यांचा स्टँड कोपऱ्यातच होता. त्यावर काही नव्हतं. त्यांच्या पेन्सिली मी स्वतः टाकून दिल्या होत्या.

"ताई, काढून टाकू या तो," मी म्हणाले. "त्रेसष्ट पुरेत."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आवाज मात्र ठाम होता.

"एकदा काढला होता. माझी वीस वर्षं गेली त्यात. आता नाही."

रविवारी सकाळी अकराला छोटं सभागृह भरलं. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसले. पहिली वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं.

मग स्क्रीन आपोआप कोरी झाली.

मी कळा दाबत राहिले. काही उपयोग नाही. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सतरावा तोंडपाठ वाजवायला घेतला.

टक. टक.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं. म्हणजे ते मला एकटीला ऐकू आलं नव्हतं.

ताईनं तो पुन्हा वाजवला. आणखी जोरात.

टक. टक.

 मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तिसऱ्यांदा तिनं तो वाजवला, सावकाश, शेवटच्या सुरापर्यंत.

या वेळी टकटक झाली नाही. मग टाळ्या सुरू झाल्या.

घरी येऊन मी नोंद उघडली. सतराव्यापुढे अजूनही शून्यच होतं. पण यादी चौसष्टवर संपत नव्हती. त्याखाली... पासष्ट.

तो ना ताईनं लिहिला होता, ना मी घातला होता. उघडून पाहिला. त्यात एकही सूर नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता विराम.

ताई हसली. "चला, आता गप्प बसायची पाळी त्यांची."

ती तो काढू देत नाही. रोज मागच्या खोलीत बसून सराव करते, आणि पासष्टावा आला की तेवढा वेळ चेलोचा गज तारांवरून उचलून धरते.

मी दारातून बघते. गप्प कुणी बसायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.