कुंडीकट्ट्यावरचे सहाजण

आमची पहिली गाठ एका पिठ्या ढेकणावरून पडली. तुम्ही मुलं हल्ली एकमेकांचे फोटो आधी पाहता. मला त्याच्या चेहऱ्याआधी त्याची कीड मारायची पद्धत कळली.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, किंचाळत यायचं, आणि ते आलं की घरातला फोन बंद. मी विमा कचेरीत टायपिस्ट, चाळिशीला टेकलेली, दादा-वहिनीकडे राहणारी. गॅलरीत कुंड्याच कुंड्या. त्यांच्याविषयी बोलायला घरात कोणी नव्हतं, म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर मी गप्पांचा एक छोटासा मंच उघडला. नाव 'कुंडीकट्टा'. मी झाले 'माळीणबाई'.

उघडला खरा, पण फिरकतंय कोण? रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही, तसंच हे. शेवटी मीच दोन सभासद घडवले. एक 'मेजर', गुलाबांवर हुकूम सोडणारे. दुसरी 'धांदरट', पाणी घालायला हमखास विसरणारी. धांदरट विचारायची, मेजर खेकसायचे, माळीणबाई समजूत काढायची. तिन्ही आवाजांत एकटीच बोलत बसायचे मी... आणि खरं सांगू, मजा यायची.

मग एका संध्याकाळी 'माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय' या माझ्या तक्रारीखाली एक अनोळखी उत्तर आलं. नाव 'चष्मेवाला'.

"तो पिठ्या ढेकूण. बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पान पुसा. मी गिऱ्हाइकांच्या काचा पुसतो तसं, अजिबात घाई न करता."

मी पुसलं. झाड सुधारलं. तसं कळवल्यावर तो म्हणाला, "झाड आजारी नव्हतंच, लाडावलं होतं. थोडं दुर्लक्ष करत जा."

"मला नाही जमत दुर्लक्ष," मी लिहिलं.

"माझंही तसंच होत चाललंय... या कट्ट्याच्या बाबतीत."

कट्ट्याच्याच ना? मी ते वाक्य परत वाचलं. मागून दादा ओरडला, "अगं, फोन मोकळा कर!" आणि वहिनी कानाशी येऊन म्हणाली, "झाडांशी बोलताना कोणी लाजतं का गं?"

लवकरच आणखी दोघे आले. सगळ्यांना चांगलं म्हणणाऱ्या 'काकू', आणि 'आळशी' नावाचा एक गृहस्थ, ज्याच्याकडे फक्त निवडुंग. आळशी आणि धांदरट यांचं असं काही जमलं, की विचारू नका.

"मी तुमच्याकडे राहायला आलो, तर झाडांना पाणी कोण घालणार?" आळशी विचारायचा.

"पाऊस," धांदरट म्हणायची, आणि मी पडद्यासमोर एकटीच हसायचे.

एकदा मला ताप आला. बरी होऊन पाहते तर चष्मेवाल्याचा निरोप, "माळीणबाई, मेजर, धांदरट — सगळे एकदमच गप्प? काळजी वाटते."

मेजरांनी लगेच उत्तर ठोकलं, "तापाची साथ आहे!"

त्यावर त्याने सुचवलं की आता सगळ्यांनी एकदा भेटावं. बागेसमोरच्या कॅफेत, रविवारी. काकू हो म्हणाल्या, आळशी हो म्हणाला. माझी पंचाईत! हो म्हणायला माझ्याकडे तिघं होते, पण नाही म्हणायला एकही धजेना. तीन माणसांचं सोंग कळलं की हा सरळ निघून जाईल, ही एकच धास्ती. आणि त्याच्याशिवायचा कट्टा आता मला नको होता.

रविवारी मी सहा खुर्च्यांचं टेबल धरून बसले. बाहेर झिमझिम. दार उघडलं आणि तो आत आला — उंच, थोडा वाकलेला, चष्म्यावर थेंब, हातात निवडुंगाची इवलीशी कुंडी. सरळ माझ्याकडेच आला.

"माळीणबाई?"

"मेजरांचा पाय मुरगळलाय," मी एका दमात म्हणाले, "आणि धांदरटची बस चुकली."

"अरेरे..." तो बसला. "काकूंकडे पाहुणे आलेत. आणि आळशी... तो उठलाच नाही."

कॅफेच्या मालकीणबाई आल्या. "अजून चौघं यायचीत ना? नाहीतर खुर्च्या उचलते, बाहेर लोक ताटकळलेत."

मी दाराकडे बघितलं. त्याने चारही रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "उचला."

माझे कान तापले. "कधी कळलं तुम्हाला?"

"तुमच्या तापात. एका माणसाला ताप आला आणि तिघांचे आवाज बसले."

"मग... रागावला नाहीत?"

"कोणत्या तोंडाने रागावू?" त्याने मान खाली घातली. "काकूंच्या घरी पाहुणे येणं अवघड आहे हो. काकूंना घरच नाही."

मी बघतच राहिले. "म्हणजे आळशीसुद्धा?"

"तोही मीच. दुकानात दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून खपतो. स्वतःला काय हवंय ते मात्र आळशीच्या नावाखाली लिहावं लागलं."

मला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने न विचारता माझा चष्मा काढून घेतला, खिशातल्या मऊ फडक्याने काचा पुसल्या, घाई न करता. तेवढा वेळ तो मला धूसर दिसत होता, आणि तरी आवडत होता. चष्मा परत चढवताना त्याची बोटं माझ्या कानाशी क्षणभर रेंगाळली.

"मी तुम्हाला मेजरांसकट पत्करायला तयार आहे," तो म्हणाला. "तुमचं काय?"

"मेजरांना विचारावं लागेल."

"मग विचारा."

मी डोळे मिटले, उघडले. "हुकूम आहे... हो म्हण."

तो असा हसला, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मालकीणबाईंनी न मागताच दोन चहा आणून ठेवले. पहिला घोट घेतला आणि मला एकदम आठवण झाली.

"अहो, पण कट्ट्यावर सगळ्यांना सांगायला हवं ना?"

"कोणाला?" तो म्हणाला. "सगळे इथेच तर बसलेत."