छत्रीची राणी

"घाबरणार असाल तर आत्ताच उठा," मामा म्हणाले. गच्चीवर अंधार होता. कुणी उठलं नाही. धाकटी तेवढी ताईला चिकटली.

"आमच्या चष्मेवाल्याची गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकलेली. आणि तो बापडा थापा मारणाऱ्यांतला नव्हे."

चष्मेवाल्याचं दुकान मामांच्या दुकानाला लागून. वर दोन खोल्या. तिथं तो आणि त्याची अंथरुणाला खिळलेली आई. गावाचे चष्मे नीट करायचा, पण आईच्या चष्म्याची डावी काडी वर्षभर निळ्या दोऱ्यानं बांधलेली. "दिव्याखाली अंधार!" म्हातारी ऐकवायची.

त्याला नाद एकच, जुन्या पत्त्यांचा. बदाम-इस्पिकचे नव्हेत, भलत्याच चिन्हांचे. गेल्या नोव्हेंबरात तो एका शिंपीणबाईंकडून असाच एक जोड आणायला गेला. त्यात चाव्या, दिवे, मासे आणि छत्र्या होत्या. सगळी पानं छापील. फक्त छत्रीची राणी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेली.

"खरी राणी आमच्या आजीच्या हातात दिली, ती गेली तेव्हा," शिंपीणबाई म्हणाल्या. "डाव अर्धा टाकून जेवायलासुद्धा उठायची नाही ती. हे पुठ्ठ्याचं काढू नका हं. पत्त्यांत खरी राणी आली, तर आजीला वाटेल आपल्याला खेळायला बोलावलंय."

"छे छे, कशाला काढू?"

पण त्या एका पानामुळे जोड अपुरा. दातात काहीतरी अडकावं, तसं त्याला झालं.

आठ फेब्रुवारी. रविवार. दुपारी त्याला भंगारवाल्याकडे तसलाच एक जोड सापडला. भिजून लगदा झालेला, पण छत्रीची राणी कोरी करकरीत! घरी येऊन त्यानं ती पत्त्यांत घातली. पुठ्ठ्याचं पान दुकानातल्या टोपलीत टाकलं.

"आई, जोड पुरा झाला!"

"आणि भिडू कुठनं आणशील?" आई हसली.

पत्ते तिच्या उशाशीच राहिले.

रात्री सव्वा वाजता त्याला जाग आली. पलीकडच्या खोलीत कुणीतरी पत्ते पिसत होतं. फर्र... फर्र...

"वाटा की मग," आई म्हणत होती.

त्यानं दार ढकललं.

आई बसली होती. ताठ. वर्षभरात ती टेकू दिल्याशिवाय बसली नव्हती. पांघरुणावर डाव मांडलेला, दोघींचा. समोर कुणी नव्हतं. पण गादी दबलेली होती.

"आई... चष्मा कुठंय तुझा?"

"तिला दिला. पानं दिसत नव्हती बिचारीला."

"कुणाला?"

समोरचं एक पान आपसूक उलटलं. मासा.

"हिला तिकडे भिडू नाही रे. डाव संपला की सोबत चल म्हणते."

"आणि तू...?"

"हो म्हटलं."

तो जिन्यावरून धडपडत खाली गेला. टोपली उपडी केली. फुटक्या काचा, स्क्रू, चिंध्या... बोट कापलं. पुठ्ठा मिळाला.

वर आला. आईच्या हातात एकच पान उरलं होतं.

छत्रीची राणी.

त्यानं ते ओढलं. बोटं सुटेनात. गार... लाकडासारखी. त्यानं एकेक बोट उलगडलं. राणी काढली. पुठ्ठा ठेवला. राणी फाडली. पुन्हा फाडली.

...

समोरची गादी हळूहळू वर आली.

आई आडवी झाली. तिचा श्वास संथ चालू लागला. सकाळी तिनंच हाक मारली, "अरे, चहा देतोस का पत्तेच पिसतोस?"

चष्मा मात्र मिळाला नाही. पलंग हलवला, गादी झटकली. नाहीच. शेवटी त्यानं तिला नवा करून दिला.

पत्ते आवरताना पुठ्ठ्याची राणी वर आली. गच्चीवर मामा पुढे वाकले. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"मी पाहिलंय ते पान. सगळं पेन्सिलीचं. पण राणीच्या नाकावर चष्मा... आणि डाव्या काडीला गाठ. तेवढीच निळी."