तारखांचे वाफे

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दोघी बहिणी एकाच गाडीतून उतरल्या. मठाच्या दाराशी बसलेल्या सिस्टरने वही पुढे केली आणि मोबाइल मागून घेतले. रविवारच्या जेवणानंतर परत मिळणार होते, तोवर मौन. थोरलीने सही करण्याआधी पानावरच्या सगळ्या सूचना वाचल्या. विमा कंपनीसाठी जळकी गोदामं आणि बुडालेली तळघरं पाहण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. न वाचता सही करणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे तिला पाठ होतं.

धाकटी इथल्या शनिवार-रविवारच्या मौन-प्रार्थनेच्या रिट्रीटला दर महिन्याला यायची. थोरली पहिल्यांदाच आली होती, आणि भक्तीने नाही.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळात आई गेली, तेव्हा उशाशी थोरली एकटी होती. धाकटी नोकरीच्या गावी. शेवटचे चार दिवस थोरली तिला फोनवर सांगत राहिली, की आई स्थिर आहे, घाई करू नकोस. डॉक्टरांचंच तसं मत होतं, असं ती नंतर सगळ्यांना सांगत आली, स्वतःलाही. धाकटी पोचली ती मातीला. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

आणि दोन महिन्यांपूर्वी धाकटीचा फोन आला. मोकळा, गोड, काही घडलंच नसल्यासारखा. थोरलीला आनंद व्हायला हवा होता. पण नुकसानीचा दावा कुणी आपण होऊन मागे घेत नाही, हे ती धंद्यात शिकली होती. तिने खडा टाकून पाहिला. आईच्या त्या आठवड्याचा विषय काढला.

"कोणता आठवडा गं, ताई?" पलीकडून निर्मळ आवाजात प्रश्न आला.

म्हणून ती आली होती. तिला माफी हवी होती. पण जिच्यापाशी राग शिल्लक आहे, अशा बहिणीकडून हवी होती.

इमारत लांबट, एकमजली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, हात धुवायचं भांडं. फरशीला मेणाचा वास. जेवणघरात पाहुण्यांना पाव, उकडलेली अंडी, डब्यातलं सूप मिळालं. खिडकीबाहेर एवढी मोठी भाजीची बाग आणि ताटात हिरवं पान नाही, ही गोष्ट तिने टिपली. मधलं सरकतं दार अर्धं उघडं होतं. पलीकडे मठातल्या नऊ सिस्टर आपल्या टेबलाशी जेवत होत्या. त्यांच्या ताटांत भोपळा होता, काकडी होती, पालेभाजी होती. एक सिस्टर शांतपणे चावत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिच्या शेजारणीने काटा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. रोजचंच काम चालावं तसं ते चाललं होतं.

शनिवारी दुपारी पाहुण्यांना एकेक कागद मिळाला. बागेचं काम पाहणारी म्हातारी सिस्टर काटक होती, आणि या एका तासापुरती बोलायची मोकळीक होती. कागदावर काय लिहायचं, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, जे गिळता येत नाही ते. कागद घडी करून वाफ्यात पुरायचा, वर रोप लावायचं, आणि शेजारी लाकडी पाटी खोचायची. पाटीवर फक्त तारीख आणि खोलीचा नंबर. धाकटी नेहमी चार नंबरची खोली घेते, हे थोरलीला ठाऊक होतं. तिने आपला कागद कोराच पुरला.

बाकीचे पांगल्यावर ती सिस्टरजवळ गेली. "याचं पुढे काय होतं?"

"उगवतं."

"आणि मग?"

"मग आम्ही खातो. पाहुण्यांना वाढत नाही. एकाचं दुसऱ्याच्या पोटात जायला नको."

"तुम्हाला नाही का बाधत?"

"बाधतं तर. दोन महिन्यांमागची ती चार नंबरची वेल बघा. तिच्या काकड्या दोघींनी खाल्ल्या, तर आठवडाभर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. एक शिल्लक आहे, ती माझ्या वाट्याची. दात राहिले नाहीत हो, नाहीतर कालच संपवली असती."

म्हातारीची थट्टा आहे, असं थोरलीने ठरवलं. पण नमुना तपासल्याशिवाय तिने आजवर एकही अहवाल दिला नव्हता. सिस्टर झारी भरायला गेली. थोरलीने त्या वेलीच्या चार नंबरच्या पाटीपाशी माती उकरली. कागदाचा मागमूस नव्हता, नुसती मुळं होती. मग पानांआड लपलेली काकडी तिने तोडली, रुमालाने पुसली आणि उभ्या उभ्या खाल्ली.

कडू असेल अशी तिची खात्री होती. ती गोड होती, गार होती. घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती. काही झालं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेत तिला एक भिंत आठवली. फिकट निळी, वर कॅलेंडर नसलेला खिळा. खिळ्याखाली ओल धरलेली. अशी भिंत तिने कधी पाहिली नव्हती. धाकटीच्या भाड्याच्या खोलीत तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

मग भरलेली बॅग आठवली. तिचा पट्टा मांडीवर आवळून धरलेला.

पायात बूट. आत टाचेला फोड आलेला. तरी काढायचे नाहीत, कारण बोलावणं आलं की लगेच निघायचं.

मग फोन, आणि पलीकडून स्वतःचाच आवाज. समंजस, थकलेला, थोरलीचा. "काही घाई नाही. मी सांगते तेव्हा ये."

त्या आवाजामागे, इस्पितळातल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कुणीतरी हाक मारत होतं. चिमणे. अगं चिमणे.

"आई बोलावतेय का, ताई?"

"छे गं. शेजारच्या खाटेवरची बाई आहे."

धाकटी बरं म्हणाली होती. तिला चिमणे म्हणणारी जगात एकच बाई होती. ताई पुन्हा फोन करेल, खरं काय ते सांगेल, म्हणून ती बूट घालून बसून राहिली. रात्र गेली, सकाळ गेली.

धाकटीला ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं, आणि तिने ते एकदाही तोंडावर फेकलं नव्हतं.

रविवारी जेवणानंतर मौन सुटलं. गाडीपाशी थोरलीने धाकटीचा हात धरला. आई हाक मारत होती, म्हणाली. तुलाच मारत होती. एकदा तरी आईने माझ्यावर भागवावं, असं मला वाटलं, म्हणून मी खोटं बोलले.

धाकटीने लक्ष देऊन ऐकलं, एखाद्या अनोळखी बाईचं दुखणं ऐकावं तसं.

"मला कोण चिमणे म्हणायचं, ताई? तुझं आपलं काहीतरीच." मग थोरलीचा चेहरा पाहून तिने तिचा खांदा थोपटला. "बरं बाई, केलं माफ, जे काय असेल ते. चल, ऊन वाढतंय."

माफी मिळाली. रद्दीवाल्याने न मोजता पोतं उचलावं, तशी मिळाली.

बागेची सिस्टर फाटकाशी उभी होती. तिने एकदा वेलीकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. "ती माझ्या वाट्याची होती हो," एवढंच म्हणाली.

वाटेत धाकटी गाणं गुणगुणत होती. थोरलीला त्या आनंदाचा राग येत नव्हता. राग दुसऱ्याच कुणाचा येत होता, आणि गाडीतला आरसा तिने नजरेआड वळवून ठेवला होता.

धाकटीला तिच्या गावच्या बसमध्ये बसवून थोरली सहाला घरी पोचली. बॅग उघडली नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसली, बॅगेचा पट्टा मांडीवर घेतला, मोबाइल समोरच्या स्टुलावर ठेवला. नवऱ्याने चहा आणून दिला, बूट तरी काढ म्हणाला. ती हलली नाही, तेव्हा त्याने विचारलं, कुणाचा फोन यायचाय का?

"ताईचा," ती म्हणाली. "ती पुन्हा करेल."