तेरेकसूचा गोल शिक्का

"बुरुल, शिक्का गेला!"

फोनवर महापौर ओमुरझाक होते. त्यांचा आवाज इतका बसला होता की पोलीस कॅप्टन बुरुलला तो आधी ओळखूच आला नाही.

"कुठला शिक्का, बायके?" ती त्यांना थोरला भाऊ म्हणूनच हाक मारायची.

"शहराचा! तिजोरीचं कुलूप शाबूत आहे, आत शिक्का नाही. आणि आज पाचची मुदत!"

ती मुदत तेरेकसूत कुणाला ठाऊक नव्हती? शहराचा झरा प्रांताच्या ताब्यात घ्यायचा हुकूम गव्हर्नरने काढला होता. अख्खं शहर त्या झऱ्याचं पाणी पितं. गव्हर्नरला तिथे बाटल्यांचा कारखाना हवा होता. नगरसभेने कालच एकमताने हरकत मंजूर केली होती; तिच्या कागदावर शिक्का आज सकाळी उमटवायचा होता. तो कागद पाचच्या आत प्रांत कचेरीत पोचला नाही, तर झरा हातचा जाणार. आणि गोल शिक्का नसलेला कागद तिथला कारकून हातातसुद्धा धरत नाही. नवा शिक्का राजधानीतून यायला पंधरा दिवस लागतात.

शिवाय शिक्का हरवणाऱ्या महापौराला गव्हर्नर घरी बसवू शकतो. ओमुरझाकांना नगरसभेने निवडलं होतं, गव्हर्नरला राजधानीने नेमलं होतं. दोन वर्षं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

बुरुल दहाला महापौर कचेरीत पोचली आणि तिने आधी फाटक लावून घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षांची ही बाई जन्मजात संशयी. स्वतःच्या नवऱ्यालाही ती आधी प्रश्न विचारते, मग चहा देते.

कालच्या सभेमुळे बाकीच्यांना आज सुट्टी होती. सकाळपासून आत चौघंच होते: महापौर, उपमहापौर मेदेर, बावीस वर्षं दप्तर सांभाळणाऱ्या नुरिपा आणि पहारेकरी जोलदोश. आल्यापासून कुणीही बाहेर गेलं नव्हतं.

"शिक्का शेवटचा कुणी पाहिला?"

"मीच," नुरिपा म्हणाल्या. "काल सहाला तिजोरीत ठेवला, चौघांसमोर. किल्ली माझ्या खणात."

"खणाला कुलूप?"

"कशाला? घरचीच माणसं आपण."

"घरचीच!" ओमुरझाक उसळले. "नऊला मी तिजोरी उघडली. सव्वानऊला गव्हर्नरच्या चिटणिसाचा फोन, शिक्का जागेवर आहे ना म्हणून! त्याला स्वप्न पडलं? एजे, तुमचा मुलगा गव्हर्नरची गाडी चालवतो ना?"

इथे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि त्या आवाजात कुणी म्हणत नाही. बुरुलला नुरिपांचं वाईट वाटलं, पण संशयातून तिने त्यांनाही वगळलं नाही.

झडती तिने स्वतः घेतली. खिसे, खण, कपाटं, कुंड्यांतली माती. नुरिपांची पर्स मात्र महापौरांनी स्वतःच टेबलावर उपडी केली. गोळ्यांची पट्टी, कंगवा, नातवाचा एक मोजा. शिक्का नाही. पुरुषांच्या तीन पांढऱ्या कालपाक टोप्या खुंट्यांवर होत्या, त्या तेवढ्या तिथेच राहिल्या.

मग एकेकाची पाळी.

"जोलदोश, सकाळी कधी उघडलंत?"

"सातला. मग मागे लाकडं फोडत होतो, आठपर्यंत."

"म्हणजे तासभर पुढचं दार उघडं आणि पहारा लाकडांवर?"

"एजे, शिक्का चोरायला कोण येणार? त्याची भाजी होते का?"

मेदेर चौतिशीचा, गुळगुळीत दाढीचा, हसतमुख.

"काल सहानंतर कुठे होतास?"

"ओयबुलाकला. ओळखीच्यांकडे बाळाचा पाळणा होता. दाराशी बसून पोराटोरांबरोबर चहा ओतत होतो, आपल्याला कोण विचारतं! नऊला घरी येऊन झोपलो. सकाळी साडेआठला इथे."

बाराला चहा झाला. लोणी काढायला नुरिपांनी फ्रिज उघडला आणि गाठ मारलेली एक पिशवी बाहेर काढली. आत बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि मांसासकट जाडजूड कमरेचं हाड.

"हे केशिक कुणाचं?" जेवणातला आपला वाटा घरच्यांसाठी बांधून आणतात, त्याला केशिक म्हणतात.

"माझं," मेदेर म्हणाला.

"अगंबाई, कमरेचं हाड!" एवढ्या दुःखातही नुरिपांना राहवेना. "आमच्या ह्यांना ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा साठी उलटली होती."

"वाटणाऱ्याची चूक झाली असेल, एजे."

सगळे हसले. बुरुल हसली नाही. ती अंगणात गेली आणि तिने फोन लावला. ओयबुलाकला तिची आत्या राहते, आणि त्या गावात आत्याला ठाऊक नाही असं काही घडत नाही.

दोनला तिने सगळ्यांना महापौरांच्या खोलीत बसवलं.

"मेदेर, पाळणा कुणाकडे होता ते तू सांगितलं नाहीस. गव्हर्नरच्या मेव्हण्याकडे होता."

"असेल. मी दाराशी होतो."

"दाराशी बसणाऱ्याला नळीचं हाड मिळतं. कमरेचं हाड मिळतं सर्वांत मानाच्या पाहुण्याला. आपल्याकडे वाटणारा त्यात चुकला तर भाऊबंद सात पिढ्या बोलत नाहीत. पांढऱ्या दाढीची माणसं बसलेली असताना चौतीस वर्षांच्या पोरापुढे ते हाड कधी ठेवतील? तो उद्याचा महापौर आहे असं यजमानाला पक्कं ठाऊक असेल तेव्हाच."

"एवढ्यावर मला चोर ठरवता?"

"नाही. मान मिळाला म्हणून कुणी चोर होत नाही. पण केशिक घरी नेतात. पोरं त्याची वाट बघत जागी असतात. तू नऊला घरी गेलास, तर पिशवी कचेरीच्या फ्रिजमध्ये कशी? तू घरी गेलाच नाहीस. तिथेच मुक्काम केलास आणि सकाळी थेट इथे आलास, साडेआठला नव्हे, आठच्या आत. सौदा जेवणात ठरला, म्हणून काम सकाळी करावं लागलं. जोलदोश मागे लाकडं फोडत होते, किल्ली उघड्या खणात होती. शिक्का काढलास आणि गव्हर्नरच्या माणसांना कळवलंस. त्यांना धीर धरवला नाही, त्यांनी सव्वानऊलाच फोन केला. पिशवी तेवढी तुला फेकवेना. चोरी करवली, केशिक टाकवलं नाही. आईबापांनी तेवढं तरी शिकवलं."

"मग शिक्का दाखवा ना! सगळं शोधलंत की."

"सगळं नाही. चल ठाण्यावर. टोपी घाल."

मेदेर उठला, पण खुंटीकडे वळला नाही. "राहू दे. उकडतंय."

"बाहेर ऊन आहे. घाल."

तो जागचा हलेना. बुरुलने खुंटीकडे हात नेला.

"एजे! दुसऱ्याच्या कालपाकला हात लावता?"

"सकाळी नाही लावला. पाप वाटलं, म्हणून तेवढी जागा सोडली. माझी ही चूक होणार हे तू धरूनच चालला होतास."

तिने दोन्ही हातांनी, अदबीने टोपी उतरवली. अस्तराच्या आत काहीतरी कडक लागलं. पितळेचा गोल शिक्का तिने टेबलावर ठेवला.

ओमुरझाकांनी शिक्का उलटून पाहिला. "मेदेर, तुला मी हाताला धरून सभेत आणलं रे."

"आणि काय मिळालं, बायके?" मेदेरचं हसू एव्हाना गेलं होतं. "तुम्ही गव्हर्नरशी भांडता, म्हणून दोन वर्षांत रस्त्यावर डांबर नाही, शाळेला छप्पर नाही. एक झरा दिला असता तर सगळं आलं असतं."

"झरा तुझा होता का द्यायला?" जोलदोश म्हणाला. सकाळची थट्टा आता त्याच्या आवाजात नव्हती.

अडीच वाजले होते. प्रांत कचेरी दोन तासांवर. नुरिपांनी कागद सरळ केला, शिक्का शाईवर दाबला आणि नेहमीसारखा नीट, गोल उमटवला. मग तिजोरीची किल्ली महापौरांसमोर ठेवली.

"एजे, हे काय?"

"बावीस वर्षं झाली. पुरे."

"एजे, मी चुकलो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बसा, मला बोलू द्या."

"बोलत बसलास तर पाच वाजतील," त्या म्हणाल्या. "गव्हर्नरने मला चोर म्हटलं असतं तर मी हसले असते. तू म्हणालास. जा आता, पाणी वाचव."

ओमुरझाक दारात घुटमळले. घड्याळाकडे बघितलं, नुरिपांकडे बघितलं, आणि कागद छातीशी धरून गाडीकडे पळाले. बुरुलला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

पाचला वीस मिनिटं असताना पोच मिळाली. झरा शहराकडेच राहिला. त्या आठवड्यात महापौर तीनदा नुरिपांच्या घरी जाऊन आले. तिन्ही वेळा त्यांना चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.