नवव्या पानावर अडलेला बाण

दुपारी साडेतीनला भाऊजी वहिनींच्या खोलीत शिरले ते मुळातच वैतागून. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं की दुनियेआधी नातेवाइकांची यंत्रं बघावी लागतात, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं.

वहिनी औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करत. तापाच्या औषधाचं पत्रक पाचच्या आत कंपनीला पोचायला हवं होतं, आणि लॅपटॉप मुंगीच्या पावलांनी चालला होता.

भाऊजींनी चालू प्रोग्रामांची यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. बिनतारी माउसचा एकच छोटा प्रोग्राम एक्केचाळीस वेळा चालू होता.

"माउसला हात लागला की हा नव्यानं सुरू होतो आणि जुना काही मरत नाही. सारखा हात कशाला लावता, वहिनी?"

"मी? अहो, तो महिनाभर खणात पडलाय! मी लॅपटॉपवरच बोट फिरवते."

"मग सगळ्यात जुना मंगळवारी अकरा वीसला कसा सुरू झाला? काय करत होतात तेव्हा?"

"नववं पान. मुलांच्या डोसचं."

भाऊजींनी खण उघडला. माउस उचलला आणि पटकन खाली ठेवला. नुकताच कुणीतरी सोडावा इतका तो कोमट होता. बोलून उपयोग नव्हता, वेळ जात होता. त्यांनी सेल काढले, रिसीव्हर उपटला, सॉफ्टवेअर उडवलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यादीत माउसचा एकही प्रोग्राम उरला नाही. वहिनींनी पत्रक उघडलं.

खणात बारीक आवाज झाला. टिक.

यादीत एक आला. मग दुसरा. बघता बघता तेरा. पडद्यावरचा बाण आपणहून सरकत नवव्या पानावर गेला आणि एका ओळीखाली थांबला. वहिनींनी तो ओढून आणला. तो परत गेला.

"भाऊजी… हे काय आहे?"

"डोकेदुखी आहे!" भाऊजी खेकसले, पण त्यांचा आवाज चिरकला. "पाचला दहा कमी आहेत. मी हे बंद करत राहतो, तुम्ही पाठवा."

ते एकेक बंद करत गेले, आणि पाचला दोन मिनिटं असताना पत्रक गेलं. वहिनींनी मोठा श्वास सोडला. पण मन खात राहिलं. त्यांनी नवव्या पानावरची ती ओळ वाचली. मोठ्यांच्या डोसची ओळ खाली डकवून त्यांनी शब्द बदलले होते, आकडा बदलायचा राहिला होता. तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाचा डोस.

त्यांनी लगेच कंपनीतल्या बाईंना फोन लावला.

"बरं झालं कळवलंत," बाई म्हणाल्या. "एवढा आकडा बदलते आणि छापायला सोडते."

वहिनींच्या डोळ्यांना धारा लागल्या. भाऊजींनी यादी पुन्हा तपासली. माउसचा एकही प्रोग्राम चालू नव्हता.

तेवढ्यात बाण हलला. सावकाश खाली गेला, चौदाव्या पानावर, आणि एका ओळीखाली थांबला. वहिनींनी घाईघाईनं कंपनीचं मूळ पत्रक काढून शेजारी धरलं. शब्द न् शब्द, आकडा न् आकडा मुळाबरहुकूम होता.

"माझं काही चुकलेलं नाही… मग मुळातच…" त्या पुटपुटल्या. बाण जागचा हलेना.

"हॅलो?" फोनवरून बाई विचारत होत्या, "मग सोडू ना छापायला?"