धाकट्याच्या खिळ्यावरचं कुलूप

कारखान्यातून फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर बाईंचा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. साबणाच्या मोठ्या मिक्सरमध्ये थोरला भाऊ मरून पडला होता. धाकटा दारातच दोन्ही हात पुढे करून उभा होता.

"मीच मारलं दादाला," तो म्हणाला. "घाला बेड्या."

हवालदार खूश झाला. प्रेत आहे, खुनी आहे, कबुली आहे. जेवायच्या आत काम फत्ते. बाईंना मात्र आयती कबुली कधीच पचत नसे. पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे तर झालंच. पण हा माणूस फास गळ्यात अडकवून घ्यायची जरा जास्तच घाई करत होता.

त्यांनी कारखाना नीट पाहिला. मिक्सर खरवडायला आत उतरणाऱ्याने आधी बटणाच्या पेटीला आपलं कुलूप लावायचं, म्हणजे कोणी मशीन चालू करू शकत नाही, आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं, हा इथला नियम. दोन भावांची दोन कुलपं, भिंतीवर दोन खिळे. थोरल्याच्या कुलपावर लाल ठिपका, एवढाच काय तो फरक. दोन्हींना एकाच घडणीची किल्ली लागे आणि तशी एकेक बापलेक तिघांकडेही होती. घरातल्या घरात कसला अविश्वास, असं म्हणून बापानेच ही जोडी आणली होती.

आज पेटी उघडी होती. लाल ठिपक्याचं कुलूप धाकट्याच्या खिळ्यावर लटकत होतं. धाकट्याचं कुलूप त्याच्या डब्याच्या पिशवीत निघालं.

वडील ऑफिसातल्या स्टुलावर बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात सकाळपासूनचं रडणं. धाकटा धांदरट आहे, कुलूप लावतो आणि विसरून निघून जातो, त्याच्यामागे फिरून आपल्यालाच सगळं आवरावं लागतं; पण खून तो करणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

ठाण्यात त्यांनी अप्पांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि धाकट्याला आत, समोर.

"का मारलंस?"

"काल भांडण झालं होतं."

"कुलूप कोणी काढलं?"

"मी."

"दादा आत आहे, हे माहीत होतं?"

"होतं."

"काढलेलं कुलूप कुठे ठेवलंस?"

तो अडखळला. "खिशात... नाही, खाली टाकलं."

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी हवालदाराला बाहेर पाठवलं.

"बटण तूच दाबलंस, तेवढं खरं. पण नुसत्या बटणाने खून होत नाही, मागे मारायचं मन लागतं. कुलूप दिसलं नाही म्हणून तुला मशीन रिकामं वाटलं. ते ज्याने काढलं, त्याने तुझ्या खिळ्यावर अडकवलं, कारण त्याला ते तुझंच वाटलं. हा नेहमीसारखा विसरला, म्हणाला असेल. काढणारा तू असतास तर अशी चूक झालीच नसती, तुझं कुलूप तर तुझ्या पिशवीत होतं. तिसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे, आणि त्याला लाल ठिपका दिसत नाही."

धाकटा टेबलावर डोकं टेकून रडू लागला. "अप्पांना माहीत नाही, बाई. मी जन्मभर आत राहीन. त्यांना एवढं कळू देऊ नका."

बाईंना त्याचं ऐकावंसं वाटलं, अगदी मनापासून. पण निरपराध माणसाला खुनी ठरवायचा अधिकार त्यांना नव्हता, बापावरच्या मायेपोटीसुद्धा नाही. त्यांनी अप्पांना आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं.

अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लिहा, बाई. खून मी केला."

"हा खून नाही, अप्पा. तुमच्या मनात तसं काही नव्हतं. कायदा याला फार तर हलगर्जीपणा म्हणेल."

"हलगर्जीपणा," अप्पा म्हणाले. "तो शब्द आम्ही दूध उतू गेलं की वापरतो. माझा मुलगा गेलाय, बाई. दुसरा शब्द बघा."

बाईंना कायद्याची कलमं तोंडपाठ होती. त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.